चौथा प्लग

टर्नर हे त्यांचं आडनाव नव्हे, पण खरं आडनाव विचारायची वेळ कुणावर आलीच नाही. व्हॉल्व्हच्या कारखान्यात ते लेथसमोर उभे राहिले ते केस काळे असताना, आणि बाजूला झाले ते कारखान्यालाच कुलूप लागलं तेव्हा. मधल्या सगळ्या वर्षांत त्यांनी एकच काम केलं. आटे पाडले. पितळेवर, पोलादावर, बिडावर. आतून आणि बाहेरून. बाटलीच्या झाकणाला असतात, नळाच्या तोटीला असतात, तेच आटे. माणूस दिवसभर ते फिरवत असतो आणि ते कुणी पाडले असतील हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. टर्नरांच्या मनाला मात्र दुसरं काही शिवत नसे. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तर आधी मोरीतला नळ सोडून, बंद करून बघायचे.

"लोक पाणी पितात, आमच्याकडे नळ चाखतात," त्यांची बायको यजमानीणबाईंना सांगायची. "जेवण वाईट झालं तर चालेल, तोटी चांगली ठेवा."

नव्या पोरांना ते शिकवत, की आटा डोळ्यांनी बघायचा नसतो, बोटांनी ऐकायचा असतो. बोल्ट आत घालताना घाई करायची नाही. आधी उलटा फिरवायचा, हलक्या बोटांनी. फिरता फिरता दोन्ही आट्यांची टोकं समोरासमोर आली की बोल्ट केसभर खाली बसतो, टक् होतं. ते टक् झालं, की मग सुलटा फिरवायचा. तो आपल्या पायाने चालत आत जातो. न ऐकता पाना लावला तर एक आटा दुसऱ्याच्या अंगावर चढतो आणि दोघेही मरतात. "आधी मागे, मग पुढे," असं ते इतक्यांदा म्हणत, की मुलगी लग्न मोडून घरी परत आली तेव्हाही त्यांच्या तोंडून दुसरं वाक्य निघालं नाही. ती दारात बॅग घेऊन उभी, आणि हे म्हणाले, "ये. आधी मागे, मग पुढे." बायकोने कपाळाला हात लावला. मुलगी मात्र रडता रडता हसली होती.

ती नर्स होती. घरी आली आणि घराचा कणाच झाली. आईचे गुडघे, बापाची साखर, दोघांच्या गोळ्या, विजेचं बिल, छताची गळती, सगळं तिने अंगावर घेतलं. ती काम करायची तो दवाखाना घरापासून हाकेच्या अंतरावर होता. तो बंद झाला, आणि तिला डोंगरापलीकडच्या मोठ्या इस्पितळात नेमणूक मिळाली. तिथे राहायला खोली मिळत होती. ती म्हणाली, "खोली नको. गाडी आहे ना आपली, मी रोज येऊन-जाऊन करीन. तुम्हा दोघांना सोडून मी तिकडे काय भिंतींशी बोलत बसू?" पाळ्या अशा वेळी सुटायच्या, की तेव्हा त्या रस्त्याला बस नसे. म्हणजे सगळं आलं गाडीवर. गाडी चालली तर मुलगी घरात. नाही तर म्हातारा-म्हातारी एकमेकांची तोंडं बघायला मोकळी.

आणि नेमकी तेव्हाच गाडी मिसिंग मारायला लागली.

गाडी तिसऱ्या हातची, पण घरातल्या माणसासारखी वागवलेली. चढावर धाप लागल्यासारखी अडखळायची, उभी असताना थरथरायची. टर्नर आणि मुलगी ती घेऊन गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाल्याला सगळे धाकटा म्हणत. त्याचा बाप थोरला होता, तो जाऊन जमाना झाला, याच्या मिशा पांढऱ्या झाल्या, तरी हा धाकटाच. त्याने इंजिनाला कान दिला, एक तार काढून बघितली, आणि निदान सांगितलं.

"प्लग गेलेत, काका. चारही बदलायचे."

"चारही कशाला? एक मरतोय तो बदल."

"एकाच्या जागी नवीन दात बसवला तर बाकीचे तीन त्याच्याकडे बघून हसतात. चारही घ्या."

त्याने पाठकोऱ्या कागदावर खर्च लिहून दिला. टर्नरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "प्लगांची किंमत कळली. ही खालची एवढीच रक्कम कसली?"

"मजुरी."

"प्लगांइतकी? चार प्लग खोलायचे आणि चार बसवायचे, त्याला? तुझे हात काय सोन्याचे आहेत रे?"

"तुमच्या वेळची गाडी नाही ही. बॉनेट उघडलं की प्लग हात जोडून समोर उभे, ते दिवस गेले. आता वरचं सगळं नळकांडं उतरवायचं, कॉइली काढायच्या, आणि प्लग खाली विहिरीत. मागचा चौथा तर काचेखालच्या पत्र्याआड आहे, दिसतच नाही. अर्धा दिवस जातो माझा."

"दिसायला कशाला हवा?" टर्नर म्हणाले.

मुलगी मध्ये पडली. "बाबा, देऊन टाकू या ना. एवढं काही नाही ते."

"एवढं नाही कसं? आठवड्याचा बाजार येतो त्यात. प्लग तू दे, धाकट्या. बसवतो मी."

धाकट्याने हात जोडले. "तुम्हाला मी काय सांगणार! पोरपणी मी तुमचं काम बघायला कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहायचो. पण ही नळी तरी घेऊन जा." त्याने बोटभर जाडीची रबरी नळी पुढे केली. "हिच्या तोंडात प्लगचं डोकं बसवायचं, आणि नळीने फिरवायचा. वाकडा जायला लागला तर नळीच घसरते, आट्याला धक्का लागत नाही. मी स्वतः हीच वापरतो."

"आंधळ्याची काठी मला कशाला?" टर्नर म्हणाले, आणि तिघेही हसले. नळी बाकावरच राहिली.

हसताना टर्नरांनी हात खिशात घातले होते. गेलं वर्षभर ते हात खिशात घालूनच हसत.

सुरुवात कधी झाली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शर्टाचं बटण लावताना ते सापडेना, एवढंच आधी जाणवलं. बोटं जागच्या जागी होती, वळत होती, पकडत होती. पण त्यांच्या टोकांना जाडजूड मोजे चढवावेत तसं झालं होतं. एकदा चहाचं भांडं त्यांनी उचललं, आणि बायको ओरडली, "अहो, भाजलं की!"

"कुठे?"

"कुठे काय कुठे? हाताला फोड आलाय बघा!"

त्यांनी हात बघितला तेव्हा त्यांना कळलं, की आपल्याला भाजलंय. बायको त्यांच्याकडे बघत राहिली. साखरेने नसा मरतात एवढं तिलाही ठाऊक होतं.

"पोरीला सांगू नकोस," ते म्हणाले. "तिच्या डोक्याला आधीच कमी ताप नाही."

"पोरगी नर्स, आणि बाप तिच्यापासून हात लपवतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

"सांगू नकोस म्हटलं ना."

तिने सांगितलं नाही. तेव्हापासून चहाचं भांडं तीच उचलायची, आणि बाहेर जाताना बोलता बोलता त्यांच्या बाहीचं बटण लावून द्यायची, जणू काही हा लाडच आहे.

सुट्टीच्या दिवशी सकाळी टर्नरांनी अंगणात गाडीचं बॉनेट उघडलं. जुन्या चादरीवर हत्यारं मांडली, मापाने, मोठ्याकडून लहानाकडे. पूर्वी लेथशेजारी मांडत तशीच. नळकांडं उतरवताना स्क्रू हातून निसटून खाली मातीत पडले, ते त्यांनी वाकून डोळ्यांनी शोधले. पहिले तीन प्लग समोर होते. बॅटरी दातांत धरून, विहिरीत डोकावून, नजरेच्या जोरावर त्यांनी ते जुने काढले, नवे बसवले. तीन झाले तेव्हा ते शीळ घालत होते. बायकोने खिडकीतून ऐकलं, आणि बऱ्याच दिवसांनी तिच्या छातीवरचा दगड थोडा हलला.

चौथ्याची जागा पत्र्याआड होती. जुना निघाला, कारण काढायला डोळे लागत नाहीत आणि बोटंही लागत नाहीत; जोर लागतो. नवा घालताना मात्र हात आत गेला आणि जग संपलं. काही दिसत नव्हतं. बोटांच्या टोकाशी प्लग होता की नाही, हेसुद्धा मनगटावरच्या भारावरून ओळखायचं. त्यांनी तो उलटा फिरवला. थांबले. पुन्हा फिरवला. हाडाला कळेल, मनगटाला कळेल, कुठून तरी वर येईलच ते टक्, म्हणून श्वास धरून राहिले.

मुलगी चहा घेऊन मागे येऊन उभी होती. "झालं का, बाबा?"

"होतंच आलं."

आणि त्यांना टक् झालंसं वाटलं. वाटलं आणि झालं, या दोहोंत किती अंतर असतं हे त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ओरडून सांगितलं होतं. कारखान्यात एखादा पोरगा "वाटलं बसला" असं म्हणाला, की ते त्याला जेवायच्या सुट्टीत आटे मोजायला बसवत. आता त्यांनी प्लग सुलटा फिरवला. तो जड गेला. मळ असेल, ते मनात म्हणाले. जुनं इंजिन, काजळी धरतेच. त्यांनी लांब दांड्याचा पाना लावला आणि प्लग आवळला, आणि तो आवळला गेला.

गाडी सुरू केली. थरथर नाही, अडखळणं नाही. शिवणयंत्रासारखा आवाज. मुलीने टाळ्या वाजवल्या. बायको दारात येऊन म्हणाली, "वाचला म्हणायचा आठवड्याचा बाजार!" टर्नरांनी फडक्याला हात पुसले आणि पुसतच राहिले.

"चला, डोंगरापर्यंत चक्कर मारून येऊ," मुलगी म्हणाली. "उद्यापासून मला तोच रस्ता. चढावर कशी चालते बघू."

तिघेही निघाले. मुलगी चालवत होती, आई शेजारी, टर्नर मागच्या सीटवर. सपाट रस्त्यावर दोघी बोलत होत्या. पहाटेची पाळी असेल तेव्हा डबा आदल्या संध्याकाळी करून ठेवायचा, परतताना भाजी तीच आणेल, असलं काहीबाही. टर्नर ऐकत नव्हते. इंजिनाच्या आवाजाखाली त्यांना दुसरा एक आवाज येत होता, दातांच्या फटीतून श्वास सोडावा तसा. फुस, फुस. कान त्यांचे शाबूत होते. थांब म्हणावं असं त्यांच्या मनात आलं. मग तिने विचारलं असतं, का?

चढ सुरू झाला. मुलीने गिअर बदलला, पाय दाबला, आणि बॉनेटखाली बार उडाला. पाठोपाठ पत्र्यावर काही तरी आदळलं, गाडी लंगडत चार पावलं गेली आणि थांबली.

"अगं आई गं!" बायकोने डॅशबोर्ड धरला. "गोळी झाडली की काय कुणी?"

"प्लग उडाला," टर्नर मागून म्हणाले. बॉनेट अजून कुणी उघडलंही नव्हतं.

गाडी दोरीने ओढत गॅरेजपर्यंत आणावी लागली. धाकट्याने नळकांडं उतरवलं, कॉइलचे तुकडे बाजूला केले आणि प्लग बाहेर काढला. उजेडात धरला. त्याच्या आट्यांत पांढरा, चकचकीत चुरा गुंडाळलेला होता. प्लग पोलादाचा आणि तो ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. भांडण झालं की मऊ माणूस मरतो. हेडमधले आटे मुळापासून उपटून आले होते.

"कोणी बसवला हा?" धाकट्याने विचारलं.

टर्नरांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी मुलगी बोलली.

"रस्त्यात एकाकडे दिला होता बसवायला. बाबांना बरं नव्हतं."

इतक्या सहज बोलली, की तिच्या आईनेही मान वळवून बघितलं. मुलीने बापाकडे बघितलंच नाही. आणि न बघण्यावरून टर्नरांना समजलं, की हिला सगळं ठाऊक आहे. आजचं नाही, कधीपासूनचंच.

धाकटा भडकला. "मेकॅनिक होता की खाटीक? वाकडा घातला आणि वरून पाना मारला. माकडाच्या हाती कोलीत! असल्याला गॅरेजच्या सावलीलाही उभं करू नये. काका, तुम्हीच बघा. बघा काय केलंय."

प्लग त्यांच्या तळहातावर आला. आपल्या कामाचा निवाडा करायला त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती.

"कुणा अडाण्याचं काम आहे," टर्नर म्हणाले.

बायको पदराने तोंड पुसत कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली.

मुलीने विचारलं, "आता?"

"नवीन हेड घेतलं तर गाडीपेक्षा हेड महाग. सोन्यापेक्षा घडणावळ जास्त," धाकटा म्हणाला. "एक उपाय आहे. भोक थोडं मोठं करून त्यात नवे आटे पाडायचे. त्यात ही कडी बसवायची, हिला बाहेरूनही आटे आहेत, आतूनही. मग कडीत प्लग. स्वस्तात काम होतं. पण भोकाच्या भिंतीपलीकडे लगेच इंजिन गार ठेवायचं पाणी खेळतंय. टॅप जरा तिरका गेला, की भिंत फुटली, आणि हेड भंगारात. याला हात लागतो, आणि तो हात माझा नाही." त्याने कपाटातून आटे पाडायचा टॅप काढला, दांडा लावला, आणि दोन्ही हातांनी, मान देत, टर्नरांपुढे धरला. "तुम्ही उभे असताना मी याला हात लावणं शोभत नाही, काका."

मुलगी पटकन म्हणाली, "नको, बाबा दमलेत."

टर्नर म्हणाले, "कंबर वाकत नाही आता. तू मार. मी सांगतो."

एवढं खोटं खपून गेलं. आणि सांगायला लागल्यावर तर आवाजात जुनी धार आली. ग्रीस लाव दातांना, चुरा आत पडता कामा नये. दोन्ही हातांचा भार सारखा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. घाई नको. धाकटा शिष्यासारखा ऐकत होता. टॅप फिरत होता. मुलगी श्वास रोखून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू आशा येत होती. ती बघून टर्नरांनी नजर टॅपकडे वळवली.

मध्येच धाकटा थांबला. "जड जातंय, काका. वाकडा तर जात नाही ना? मला समजेना. तुम्ही एक फेरा फिरवून बघा. तुमचा हात खोटं बोलायचा नाही."

टर्नर पुढे झाले. त्यांनी दांडा धरला, म्हणजे दांड्यावर आपली बोटं आहेत हे त्यांना दिसलं. पूर्वी असा दांडा हातात आला की आतली सगळी हकिगत वर यायची. धातू कुठे कडक आहे, कुठे पोकळ, दात कोणत्या बाजूला जास्त खातोय, सगळं. अंधारात कुणाचा हात हातात घेतला तरी माणूस ओळखू यावं, तसं. आता तो हात कुणाचाच नव्हता. त्यांनी थोडा फिरवला. काही आलं नाही. थोडा मागे घेतला. काही नाही.

कळत नाही, असं म्हणायचं होतं. तीन अक्षरं आणि दोन अक्षरं. पण ते म्हटलं की मुलीचं खोटं उघडं पडत होतं, तो अडाणी कोण हे उघडं पडत होतं, आणि गाडीही जात होती. आणि कुणी सांगावं, सरळही असेल. का नसावा? सगळ्याच गोष्टी वाकड्याच व्हाव्यात असा काही नियम आहे का?

"सरळ आहे," टर्नर म्हणाले. "चालू दे."

"आता तुम्ही म्हणताय म्हणजे..." धाकट्याने बाह्या सरसावल्या आणि जोर दिला. अर्धा फेरा. पाव मागे. अर्धा फेरा. मग वाळकी काटकी मोडावी तसा एक बारीक आवाज आला, आणि दांडा एकदम हलका झाला.

धाकट्याने बॅटरी खाली धरली. विहिरीच्या तळातून हिरवट पाणी सावकाश वर येत होतं.

धाकटा म्हणाला, "काका?" रागाने नाही, नवलाने. जणू लेथने खोटं माप दाखवलं होतं.

"मला कळलं नाही," टर्नर म्हणाले.

"पण तुम्ही हातात धरून बघितलंत..."

"बोटांना काही लागतच नाही माझ्या. वर्ष झालं. तो प्लगही मीच बसवला. दुसरा कुणी नव्हता."

धाकट्याने मुलीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. स्टुलावरून बायको रडक्या आवाजात म्हणाली, "आता बोललात! सगळं होऊन गेल्यावर बोललात! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो तुमचा पीळ पोरीला घेऊन गेला हो..."

"आई, पुरे," मुलगी म्हणाली.

धाकटा फडक्याने एकेक बोट पुसत राहिला. मग खाली बघत, अगदी हळू म्हणाला, "मगाशी सांगितलं असतंत ना, तरी मी टॅप बाहेर घेतला असता."

हे एकच वाक्य तो बोलला, आणि टर्नरांना पुढे जन्मभर तेच पुरलं.

घरी आल्यावर मुलीने त्यांना अंगणातल्या बाकावर उन्हात बसवलं आणि घरातून सेफ्टी पिन आणली. "हात पुढे करा. डोळे मिटा. टोचलं की सांगा."

त्यांनी डोळे मिटले. खूप वेळ काही झालं नाही. मुलगी वाट बघत असेल असं त्यांना वाटलं. तिला बरं वाटावं म्हणून ते म्हणाले, "आत्ता."

थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "आत्ता. डाव्या हाताला."

त्यांनी डोळे उघडले. पिन मिटवलेली, तिच्या मांडीवर होती. तिने केव्हाच टोचणं थांबवलं होतं.

"भाजल्याचा डाग मी पाहिला होता, बाबा," ती म्हणाली. "तेव्हाच समजलं. मग तुम्ही प्लग बसवतो म्हणालात. मला वाटलं, एवढं एक काम हातातून काढून घेतलं तर यांच्याकडे राहील काय? म्हणून बोलले नाही. त्या दिवशी धाकट्याला मजुरी देऊन टाकायला हवी होती. मी नर्स आहे. मला कळायला हवं होतं."

"तुझी काय चूक?"

"मग कुणाची?"

बायकोने लपवलं ते नवऱ्याचा शब्द मोडू नये म्हणून. मुलीने लपवलं ते बापाचा मान राहावा म्हणून. बापाने लपवलं ते मुलीला घोर नको म्हणून. सगळ्यांनी सगळ्यांना जपलं होतं.

गाडी धाकट्यानेच विकून दिली, सुट्या भागांसाठी. काचा, दारं, टायर, सगळ्याचे वेगळे भाव आले. मुलगी पाच दिवस कुणाकुणाच्या मोटरसायकलवरून, ट्रकमधून इस्पितळात जाऊन आली. एकदा पाळी संपल्यावर तिथल्याच बाकावर झोपली आणि सकाळी आली. आईच म्हणाली, "असं नाही चालायचं. घे ती खोली." मग तीच आत जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच पुन्हा.

मुलीने जाण्याआधी गोळ्या डब्यांत लावून ठेवल्या. शेजारणीला आपला फोन नंबर दिला. बापासाठी बटणांऐवजी चिकटपट्टीचे दोन शर्ट आणले. त्यांनी ते घालून दाखवले. "छान बसतात," टर्नर म्हणाले.

"सुट्टी मिळाली की येईनच मी."

"ये."

"आणि पायात चप्पल घातल्याशिवाय अंगणात जायचं नाही. तळवे रोज आईला दाखवायचे. गरम पाणी आधी ती बघेल, मग तुम्ही."

"बरं."

पूर्वीचे टर्नर असते तर या यादीवर काही तरी फिरकी घेतली असती. ती वाटही बघत होती. त्यांनी पायात चप्पल सरकवली.

त्या दिवसापुरती मागवलेली इस्पितळाची गाडी कोपऱ्यावर येऊन थांबली. आई दारातच बसून राहिली, गुडघे धरून. तिला कोपऱ्यापर्यंत जाववेना. टर्नर बॅग उचलायला पुढे झाले. मुलीने बॅग स्वतःच घेतली, आणि मग त्यांच्याकडे बघून बॅगेचा एक बंद त्यांच्या हातात दिला. दोघे मिळून ती कोपऱ्यापर्यंत नेली. वाटेत त्यांनी दोनदा खाली बघितलं, बंद हातातच आहे ना म्हणून.

ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मुलगी वाकली, बॅग आत टाकली, आणि वळून बापासमोर उभी राहिली. लहानपणी शाळेत जाताना राहायची तशीच, मान किंचित खाली घालून. टर्नरांनी हात उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. भांगाशी थोडे पांढरे केस आलेले होते, ते त्यांनी आजवर पाहिले नव्हते. केस ओले होते का, तापलेले होते का, मऊ होते का, काही कळलं नाही. हात तिच्या डोक्यावर आहे हे त्यांना दिसत होतं, एवढंच. म्हणून ती गाडीत बसेपर्यंत त्यांनी नजर हलवली नाही.